उंदरांनी कुरतडलेले गाडीचे वायरिंग: पूर्ण हार्नेस बदलावा की तुटलेल्या तारा जोडाव्यात?

घोडबंदरवासी, ठाणे

नमस्कार. आमची पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक कासारवडवली भागातल्या सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उभी असते. सलग पावसामुळे ती काही दिवस जागची हलली नव्हती. त्यानंतर सुरू केली तेव्हा इंजिन थरथरू लागले आणि इंजिन चेकचा व एबीएसचा (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) असे दोन्ही दिवे लागले. बोनेट उघडून इंजिनावरचे प्लास्टिकचे झाकण काढले, तर खाली कागदाचे कपटे, लेंड्या, बोनेटच्या अस्तराचा कापूस आणि कुरतडलेल्या तारा दिसल्या. एका मित्राच्या स्कॅनरवर पी०२०३, पी००३१ आणि यू०१२१ असे तीन कोड आले. पहिला तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा, दुसरा ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा आणि तिसरा एबीएसच्या युनिटशी संपर्क तुटल्याचा आहे, एवढे समजले.

सेवाकेंद्राने पाहणी करून इंजिन रूमचा संपूर्ण हार्नेस, म्हणजे तारांचा एकत्र बांधलेला जुडगा, बदलावा लागेल असे सांगितले आहे. तो मागवावा लागेल आणि खर्चही मोठा आहे. दुसरीकडे, स्टेशनजवळचे एक वायरमन तारा जोडून टेप लावून तासाभरात गाडी देतो म्हणतात, आणि इतक्या सहजपणे दिलेल्या आश्वासनाचीही मला धास्ती वाटते. गाडीतून घरातील वृद्ध मंडळींना रात्री-अपरात्रीही न्यावे लागते, म्हणून काम विश्वासार्ह होणे मला पैशांपेक्षा महत्त्वाचे वाटते. तुटलेल्या तारा जोडून मूळच्या इतके भरवशाचे काम होऊ शकते का, आणि होत असेल तर ते कसे करून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

वायरमन, वागळे इस्टेट

उत्तराआधी एक विनंती आहे. काम पूर्ण होईपर्यंत गाडी सुरू करू नका, इग्निशनची चावीसुद्धा फिरवू नका. इग्निशन चालू असताना इंजेक्टरच्या एका तारेवर बॅटरीचा पुरवठा असतो आणि दुसरी तार इसीयू (इंजिन चालवणारा संगणक) क्षणभर अर्थला जोडतो, तेव्हाच इंजेक्टर उघडून पेट्रोल फवारतो. ही दुसरी तार उघडी पडून इंजिनाच्या धातूला टेकली, तर इंजेक्टरला सतत अर्थ मिळतो आणि तो उघडाच राहतो. मग सिलिंडरमध्ये पेट्रोल साचते, आतल्या भिंतींवरचे ऑइल धुऊन निघते आणि न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) तापवून निकामी करते. आज तार नुसती तुटलेली असेल, पण थरथरत्या इंजिनावर तिचे टोक उद्या कुठे टेकेल याचा नेम नसतो. त्याच वेळी पेट्रोलच्या रबरी नळ्याही हाताने चाचपून पाहा, कारण ज्या दातांनी तार कुरतडली त्यांना रबर मऊच लागते. नळीवर ओरखडा दिसला किंवा पेट्रोलचा वास आला, तर वायरिंगच्या आधी नळी बदलावी.

आता मुख्य प्रश्न. हार्नेस बदलण्याचा सल्ला चुकीचा नाही, पण संपूर्ण हार्नेस हा निर्णयाचा घटक मानू नये. निर्णय एकेका तारेचा करावा. इंजेक्टर, सेन्सर, दिवे, पंखा यांच्या तारा नीट जोडल्या तर गाडीच्या आयुष्यभर टिकतात. काही तारा मात्र जोडायच्याच नसतात. त्यामुळे प्रथम बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी, हार्नेसवरची नालीदार नळी आणि टेप सोलून नुकसान संपते त्याच्या बरेच पुढेपर्यंत दोन्ही बाजूंनी पाहावे आणि प्रत्येक तारेचा रंग, त्यावरच्या रेघेचा रंग व जाडी लिहून घ्यावी. ही पायरी घाईत उरकली जाते आणि पुढचे सगळे घोटाळे तिथेच जन्मतात. एकाच रंगाच्या दोन तारा एकाच जागी तुटल्या असतील तर रंगावर विसंबून जोडू नये, वायरिंग डायग्राम घेऊन कपलरच्या (तारा जोडणाऱ्या प्लगच्या) पिनेपासून मीटरने ओळख पटवावी. तपासण्यासाठी बल्बचा टेस्ट लॅम्प इसीयूच्या तारांना लावू देऊ नका. तो इतका करंट ओढतो की इसीयूचा आउटपुट जळू शकतो. डिजिटल मल्टिमीटरच वापरावा, आणि सुई टोचून आवरणाला भोक पाडण्याऐवजी कपलरच्या मागच्या बाजूने तपासावे, कारण टोचलेल्या भोकातून आपल्याकडच्या पावसाचे पाणी तांब्यापर्यंत पोहोचते.

जोडणीसाठी तांबे चकचकीत दिसेपर्यंत तार मागे छाटावी. काळे किंवा हिरवे पडलेले तांबे घासून वापरू नये. छाटल्यामुळे लांबी कमी पडली तर ताणून जोडण्याऐवजी मध्ये नवा तुकडा घालावा, आणि तो त्याच जाडीचा, ऑटोमोबाइल दर्जाचा असावा. घरगुती वायरिंगच्या साध्या पीव्हीसी तारेचे आवरण ७० अंश सेल्सिअससाठी असते, तर इंजिनाजवळ १०५ अंश किंवा त्याहून अधिक तापमान सोसणारी तार लागते. दुकानातून आणलेली घरगुती तार सुरुवातीला उत्तम चालते, पुढे तिचे आवरण कडक होऊन तडकते.

प्रत्यक्ष जोड तांब्याच्या क्रिम्प स्लीव्हने (दाबून तारा धरणाऱ्या बारीक नळीने), रॅचेट असलेल्या, म्हणजे पूर्ण दाब बसेपर्यंत न सुटणाऱ्या, पकडीने दाबून करावा. साध्या पक्कडीने चेचलेला जोड हा जोड मानू नये. जोड दाबण्याआधी आत गोंदाचा थर असलेली हीट श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आकसणारी नळी) तारेवर ओवून ठेवायची असते. जोड झाल्यावर हाताने ओढून पाहावे, मग ट्यूब सरकवून हीट गनने तापवावी. दोन्ही टोकांतून गोंदाचा बारीक कडा बाहेर आला म्हणजे आत पाणी जाणार नाही. लायटरने तापवले की एका बाजूने ट्यूब करपते आणि दुसऱ्या बाजूने गोंद वितळतच नाही. एकाच जुडग्यातल्या पाच-सहा तारा जोडायच्या असतील तर सगळे जोड एका रेषेत येऊ देऊ नयेत, थोड्या थोड्या अंतरावर पुढेमागे ठेवावेत. शेवटी नवी नालीदार नळी, कापडी हार्नेस टेप आणि मूळच्या क्लिपा वापरून हार्नेस जुन्याच मार्गाने बसवावा, एक्झॉस्टपासून आणि पट्ट्यापासून दूर. हे सारे नीट करायला एक कामाचा दिवस जातो. तासाभरात देतो म्हणणारे गृहस्थ यातले काय वगळणार आहेत, हे त्यांना जरूर विचारा.

ऑक्सिजन सेन्सरबाबत एक खुलासा. तार सेन्सरच्या स्वतःच्या शेपटीवर, म्हणजे कपलर आणि सेन्सर यांच्या मधल्या भागात तुटली असेल, तर सेन्सरच बदलावा. अनेक झिर्कोनिया (एक प्रकारचे सिरॅमिक) सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या तारांच्या आतूनच घेतात. तिथे डाख (सोल्डर) किंवा गोंद भरला की हवेचा मार्ग बंद होतो आणि सेन्सर चुकीचे वाचन देऊ लागतो. कपलरच्या अलीकडे, गाडीच्या हार्नेसवर तुटली असेल, तर वरीलप्रमाणे क्रिम्प करावी.

ऐरोलीकर

वरचे उत्तर इतके काळजीपूर्वक दिले आहे की मी फक्त यू०१२१ या कोडबद्दल आणि काम झाल्यावरच्या तपासणीबद्दल भर घालतो. माझे काम इलेक्ट्रॉनिक्सचे आहे.

एबीएसचे युनिट आणि इसीयू एकमेकांशी कॅन नावाच्या दोन तारांच्या वाहिनीवरून बोलतात. या दोन तारा एकमेकींभोवती पीळ देऊन नेलेल्या असतात. शांत अवस्थेत दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात आणि संदेश जाताना एक ३.५ कडे चढते, दुसरी १.५ कडे उतरते. संदेश घेणारे युनिट फक्त दोन्हींमधला फरक वाचते. पिळामुळे इग्निशन कॉइलचा किंवा अल्टरनेटरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि फरक काढताना नाहीसा होतो. म्हणून या तारा जोडताना पीळ कमीत कमी लांबीत, पाचेक सेंटिमीटरच्या आतच सोडावा, दोन्ही जोड पुढेमागे करावेत आणि नंतर तारा पुन्हा पिळून बसवाव्यात. मधला तुकडाही पिळाचाच असावा. सरळ तार टाकली तरी गाडी सुरू होते, परंतु पुढे अधूनमधून, विशेषतः इंजिनावर भार असताना, असे कोड येतात की त्यांचे मूळ कुणालाच सापडत नाही.

दुरुस्तीनंतर बॅटरी काढलेली असतानाच ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडायच्या जागेच्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजावा. वाहिनीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात, त्यामुळे वाचन साधारण ६० ओहम यायला हवे. १२० आले तर एका टोकाची वाट अजून तुटलेली आहे, आणि शून्याजवळ आले तर दोन्ही तारा कुठेतरी एकमेकींना टेकल्या आहेत. ज्या गाड्यांत सॉकेट आणि वाहिनी यांच्यामध्ये गेटवे (संदेश पुढे पाठवणारे मधले युनिट) असतो, तिथे हे मोजमाप एबीएसच्या कपलरवर करावे लागते.

दुसरा मुद्दा तार सलग असल्याचे सांगणाऱ्या मीटरच्या बीपचा. बरेच मीटर काही दशक ओहमपर्यंतच्या रोधालाही बीप देतात, म्हणून बीप वाजला म्हणजे जोड चांगला झाला असे समजू नये. इंजेक्टरचा रोध बहुधा १२ ओहमच्या आसपास असतो आणि त्यातून सुमारे एक अँपिअर वाहतो. जोडात ५ ओहम शिरले तर हाच करंट ०.७ अँपिअरवर येतो, इंजेक्टर उशिरा उघडतो, आणि मीटर मात्र आनंदाने बीप देत राहतो. म्हणून तारेची दोन्ही टोके इसीयूपासून आणि इंजेक्टरपासून सोडवून, तिच्यातून इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब पेटवावा आणि तो पेटलेला असताना जोडावर किती व्होल्ट गळतात ते पाहावे. चांगल्या जोडावर हे वाचन जवळजवळ शून्य असते. त्याच वेळी हार्नेस हलवून पाहावा. एखाद्या तंतूवर तगलेली तार स्थिर असताना सगळ्या परीक्षा पार करते आणि हलवल्यावर उघडी पडते.

घोडबंदरवासी, ठाणे

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे बॅटरीची केबल काढून आज उजेडात पुन्हा पाहणी केली. पेट्रोलच्या नळ्या शाबूत आहेत. ऑक्सिजन सेन्सरची तार कपलरच्या अलीकडेच तुटली आहे. मात्र बॅटरीच्या ट्रेखाली पुढच्या बंपरकडे जाणाऱ्या, पिवळ्या आवरणातल्या दोन तारांवरही दातांचे ओरखडे आहेत आणि एका ठिकाणी तांबे दिसते आहे. त्या तुटलेल्या नाहीत आणि एअरबॅगचा दिवाही लागलेला नव्हता. त्यांच्यावर नुसती हीट श्रिंक चढवली तर चालेल का? शिवाय आमच्या ओळखीचे एक तंत्रज्ञ क्रिम्पपेक्षा डाखच पक्का असतो असे आग्रहाने सांगतात. विम्याबद्दलही कुणी मार्गदर्शन केले तर बरे होईल.

कोपरीकर

डाखाबद्दल मी आपल्या तंत्रज्ञांच्या बाजूने बोलतो. रोझिनयुक्त चांगली डाखतार, योग्य तापमानाचे सोल्डरिंग आयर्न आणि स्वच्छ तांबे असेल तर डाखाचा जोड विजेच्या दृष्टीने उत्कृष्ट असतो. आपल्याकडे क्रिम्पची खरी पकड फार थोड्या गॅरेजांत सापडते, आणि वाईट क्रिम्पपेक्षा चांगला डाख केव्हाही बरा. आम्लयुक्त फ्लक्स (डाख धरण्यासाठी लावायचा लेप) मात्र कधीही वापरू देऊ नये. तो पत्र्याच्या कामाचा असतो, आणि जोडात उरलेले आम्ल तांबे खात राहते.

वायरमन, वागळे इस्टेट

आधी पिवळ्या तारांचे. त्या समोरच्या धडकेच्या सेन्सरच्या असणार. त्यांना हात लावू नका, त्यांवर मीटर लावू नका आणि कुणालाही त्या जोडू देऊ नका. बहुतेक कंपन्या एअरबॅगच्या वायरिंगची दुरुस्ती करायला मनाई करतात किंवा फक्त स्वतःच्या ठरवून दिलेल्या किटनेच करायला परवानगी देतात. त्या वाहिनीत काही ओहमचा फरक पडला तरी यंत्रणा स्वतःला बंद करू शकते, मग धडकेच्या क्षणी एअरबॅग उघडत नाही. दिवा लागलेला नाही याचा अर्थ तार आज तरी वाहते आहे, एवढाच घ्यावा. हीट श्रिंक चढवण्यासाठी पिना कपलरमधून काढाव्या लागतील, आणि त्या तारांवर तेही आपण करायचे काम नाही. पुढच्या बाजूचा हा तुकडा अनेक गाड्यांत इंजिनाच्या हार्नेसपासून वेगळा मिळतो. सेवाकेंद्राकडून तेवढाच तुकडा बदलण्याचे अंदाजपत्रक लेखी मागा. इंजिनाच्या तारा जोडून आणि हा तुकडा नवा घालून गाडी पूर्ण सुरक्षित होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

डाखाबद्दल कोपरीकर म्हणतात ते टेबलावरच्या कामाला लागू आहे. गाडीत अडचण कंपनांची असते. वितळलेला डाख तंतूंमधून आत चढत जातो आणि तेवढी तार काडीसारखी ताठ होते. ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो त्या रेषेवर तार सतत वाकत राहते आणि नेमकी तिथेच तुटते. डॅशबोर्डच्या आत, जिथे हालचाल नाही, तिथे मी स्वतः डाख देतो. इंजिनावर देत नाही. रॅचेट पकड आणि गोंदाची हीट श्रिंक मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते, आणि गॅरेजकडे ती नसेल तर हे काम तिथे देऊ नये.

नेरूळकर

मी विम्याच्या दाव्यांचे काम पाहिलेले आहे, त्यामुळे त्याबद्दल लिहितो. पिवळ्या तारांमुळे आपला खर्च वाढणार असल्याने दावा करण्याचा विचार आता नक्की करावा.

सर्वसमावेशक पॉलिसीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात बाह्य कारणाने झालेली अपघाती हानी धरलेली असते, तर विद्युत वा यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. उंदराने तार कुरतडणे ही बाहेरून झालेली हानी आहे, तार आपोआप निकामी झालेली नाही, हे कागदोपत्री स्पष्ट दिसणे म्हणूनच फार महत्त्वाचे ठरते. काही कंपन्या असा दावा मूळ पॉलिसीतच मान्य करतात, काही त्यासाठी वेगळे ॲड-ऑन (जादा प्रीमियमचे संरक्षण) घेतलेले आहे का ते पाहतात. घरटे, लेंड्या आणि दातांच्या खुणा यांची छायाचित्रे काढा, कंपनीला आधी कळवा आणि कंपनीच्या सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्याने) पाहणी करेपर्यंत एकही तार जोडू देऊ नका. दुरुस्ती आधी करून बिल नंतर सादर केले, तर नाकारण्यासाठी कंपनीला दुसरे कारण शोधावे लागत नाही.

रक्कम ठरवताना तीन गोष्टी पाहाव्यात. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीवर १००० रुपये सक्तीने आपल्याला भरावे लागतात. झीरो डेप्रिसिएशन (घसारा न कापण्याचे संरक्षण) घेतलेले नसेल तर रबर आणि प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. दावा घेतला की नूतनीकरणाच्या वेळी नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची प्रीमियममधील सूट) जातो, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असेल तर ती हानी किरकोळ नसते. लेखी नकार आला तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे, नंतर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर आणि विमा लोकपालांकडे जाता येते. तोंडी नकारावर थांबू नये.

पाचपाखाडी

काम करणाऱ्यांच्या आरोग्याबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि आपल्याकडे पावसाळ्यात तो दरवर्षी डोके वर काढतो. घरटे काढताना रबरी हातमोजे घाला, हातावर जखम असेल तर ती झाकून घ्या आणि तो कचरा कोरडा झाडू नका. आधी जंतुनाशक फवारून ओला करून उचला. एसीच्या हवेच्या तोंडापाशी घाण असेल तर केबिन फिल्टरही बदलावा, कारण तीच हवा आतल्या माणसांच्या श्वासात जाते.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्यामुळे ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावेच लागते. तंबाखूची पाने किंवा डांबराच्या गोळ्या बोनेटमध्ये ठेवून हे थांबल्याचा भरवशाचा अनुभव नाही. सुकी पाने एक्झॉस्टवर पडली तर उलट आगीचा धोका असतो, आणि गोळ्यांचा वास एसीतून आत येतो. विषाने मेलेला उंदीर डॅशबोर्डमागे अडकला तर तो काढण्याचा खर्च वेगळा. खरा उपाय सोसायटीच्या हातात आहे. घोडबंदर परिसरात पाऊस लागला की बिळांत पाणी शिरते आणि उंदीर कोरड्या स्टिल्टकडे धावतात. तिथे कबुतरांचे दाणे, कुत्र्या-मांजरांचे उरलेले अन्न आणि रात्रभर उघडे कचऱ्याचे डबे असतील तर ते मुक्कामच करतात. हे बंद करण्याचा ठराव समितीकडून करून घ्यावा, सापळे लावावेत, आणि गाडी वापरात नसली तरी पावसाळ्यात एक-दोन दिवसांआड बोनेट उघडून पाहावे. नव्या घरट्याचे पहिले कपटे दिसले की लगेच साफ करता येतात. जोड केलेल्या जागाही त्याच वेळी पाहून घ्या, कारण जुन्या जागेचा वास उरलेला असेल तर उंदीर तिथेच परत येतो. म्हणून नवी नालीदार नळी चढवण्याआधी तो भाग साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवावा, असे मी सुचवेन.